दारिद्र्य नशिबाचे की नियमांचे? : अर्थशास्त्रज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनकार्य

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या विद्यालयातील मुलामुलींना तोंडपाठ असते. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे जयंतीच्या आणि महापरिनिर्वाण दिनाच्या भाषणांतून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. परंतु बाबासाहेबांचे मूळ शिक्षण अर्थशास्त्राचे होते, त्यांच्या परदेशी पदव्यांचे सर्व प्रबंध अर्थकारणावर होते, आणि एक प्रश्न त्यांनी विद्यार्थिदशेपासून अखेरपर्यंत सोडला नाही, ही बाजू मात्र व्यासपीठावर क्वचितच येते. कष्ट करणारा माणूस गरीब का राहतो, आणि माणसे व जमीन असूनही एखादा प्रदेश दरिद्री का होतो, हा तो प्रश्न होय.

धाराशिव जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. पाऊस कमी, नद्या लहान, जमीन कोरडवाहू. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी घराला कुलूप लावणारी कुटुंबे. आणि आईवडिलांच्या मागे फडावर जाऊ नये म्हणून वसतिगृहात राहणारी मुले. अशा घरांतील माणूस आपले दारिद्र्य नशिबावर घालतो, फार तर पावसावर घालतो. बाबासाहेबांनी या दोन्ही उत्तरांपलीकडे पाहिले. राज्य कोणाच्या हाती आहे, कर कोणाकडून घेतला जातो व कोणावर खर्च होतो, जमिनीवर व पाण्यावर हक्क कोणाचा, काम सोडण्याची मुभा कोणाला आहे, हे नियम कोण करतो, यांवर संपत्ती आणि दारिद्र्य ठरते, असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले आणि मग ते नियम बदलण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या जीवनकार्याचा हा धागा आम्ही या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विद्यार्थी आणि संशोधक

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. लष्करातील मुलांना शिक्षण सक्तीचे असल्यामुळे त्या घरात अक्षर आधीच पोहोचले होते. एका संस्थेच्या नियमाने एका अस्पृश्य कुटुंबाचे भवितव्य कसे बदलते, याचे पहिले उदाहरण भीमराव स्वतःच होते. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा तो मार्गही मिटला. सातारा व मुंबई येथे शिक्षण घेऊन एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन व अर्थव्यवहार हा होता. व्यापारासाठी आलेल्या एका कंपनीच्या हाती राज्य गेले, तेव्हा तिजोरीचे काय झाले हे त्यांनी आकड्यांनिशी तपासले. जमीन महसूल, मीठ, अफू यांवरचा कर रयतेकडून जमा होत होता. युद्धांचा खर्च, कंपनीच्या भागधारकांचा लाभांश आणि इंग्लंडमधील देणी त्यातून भागविली जात होती. रस्ते, कालवे यांवरील खर्च मात्र अल्प होता. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले, पण तिचे कर्ज भारताच्या माथी राहिले. या व्यवहाराची झळ आपल्या जिल्ह्यालाही लागलेली आहे. कंपनीच्या हैदराबाद फौजेचा खर्च निजामाकडे थकला, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आला आणि १८६० मध्ये तो परत करण्यात आला. दोन सत्तांमधील हिशेबापोटी येथील गावे हस्तांतरित झाली. त्या गावांतील माणसांना कोणी काही विचारले नाही.

कोलंबियातील पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावर होता. १९२५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये त्यांना पदवी मिळाली. विषय रुक्ष वाटेल, पण त्याचा गाभा सोपा आहे. १८३३ च्या कायद्याने सारे आर्थिक अधिकार कलकत्त्यातील मध्यवर्ती सरकारकडे गेले. प्रांतांनी खर्च करायचा, पण पैसा उभारण्याची जबाबदारी त्यांची नाही. मध्यवर्ती सरकारने पैसा उभारायचा, पण स्थानिक गरज त्याला ठाऊक नाही. परिणामी उधळपट्टी आणि तुटवडा एकाच वेळी वाढला. १८७१ पासून प्रांतांना टप्प्याटप्प्याने उत्पन्नाचा वाटा मिळू लागला. या वाटचालीचा इतिहास सांगून बाबासाहेब शेवटी मूळ मुद्द्यावर येतात. जे सरकार लोकांना उत्तरदायी नाही, ते बलवानांवर कर बसवायला कचरते, अन्यायी रूढींना हात लावायला घाबरते आणि शिक्षणासारख्या गोष्टींवर खर्च करण्याची निकड त्याला वाटत नाही. हिशेबाच्या वहीत दिसणारा दोष हा राज्यरचनेचा दोष असतो, हे त्यांचे प्रतिपादन होते.

शेती, रुपया आणि गरीब माणूस

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी भारतातील लहान शेतधारणेवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे, तेव्हा तुकडे जोडावेत, असे तेव्हा सर्वत्र बोलले जात होते. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्यावर लावायला बैल, अवजारे, भांडवल किती आणि त्यावर जगणारी माणसे किती, यावर ठरते. शेतीवर गरजेपेक्षा अधिक हात अवलंबून आहेत. त्या हातांना उद्योगांत काम मिळाले तरच शेती सुधारेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. दहा एकर कोरडवाहू जमीन असूनही ज्यांच्या घरी कोयता आहे, त्यांना हा निष्कर्ष वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक पाक्षिक सुरू करून त्याच वर्षी ते स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची मदत यांच्या बळावर पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. रुपयाचा प्रश्न हा त्या प्रबंधाचा विषय. सरकारला हवे तितके चलन काढण्याची मोकळीक असेल, तर महागाई वाढते आणि ठरावीक मजुरीवर जगणाऱ्याची मजुरी आकड्याने तीच राहूनही खरी घटते. म्हणून चलन काढणाऱ्यावर कायद्याची मर्यादा हवी, असे त्यांनी मांडले. १९२५-२६ मधील हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी याच भूमिकेतून साक्ष दिली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाली. त्या बँकेचे श्रेय अनेकांचे आहे. बाबासाहेबांचे वेगळेपण असे की, चलनासारख्या तांत्रिक प्रश्नातही सत्तेला लगाम कोण घालणार आणि किंमत कोण मोजणार, हेच त्यांनी विचारले.

कागदावरचा नियम

परत आल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापूर शहरात सुरू केलेले विद्यार्थी वसतिगृह. खेड्यातील मुलाला शाळा असून उपयोग नाही. राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण असेल तरच शाळेचा दरवाजा त्याच्यासाठी खरा उघडतो, हे त्या कामामागचे भान होते.

नियम कागदावर असणे आणि तो चालणे यांतील अंतर महाडने दाखविले. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही तळ्यावर जाण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, दावा उभा राहिला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. कायदा करणारे मंडळ, अंमल करणारे कार्यालय, न्याय देणारे न्यायालय आणि हक्क वापरायला पुढे येणारी संघटित माणसे, यांपैकी एक जरी दुवा तुटला, तरी हक्क मिळत नाही, हा त्या दहा वर्षांचा धडा होय.

वतनाची बेडी आणि कसबे तडवळे

दारिद्र्य नियमातून कसे घडते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बाबासाहेबांना विलायतेच्या ग्रंथालयात शोधावे लागले नाही. ते त्यांच्या समाजाच्या घराघरात होते. ते म्हणजे महार वतन.

गावाचा वसूल तालुक्याला पोहोचविणे, अधिकारी आले की त्यांच्यापुढे धावणे, सांगावे नेणे, चावडी झाडणे, गावाची राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे, मयताची खबर परगावी देणे ही कामे महारांकडे पिढीजात होती. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्यांकडून बलुते. जमीन वारसांत वाटली जाऊन तिचे तुकडे झालेले. बलुते देणाऱ्याच्या मर्जीवर. कामाला वेळ नाही, रात्र नाही, सण नाही. ज्याची पाळी तो हजर नसेल, तर घरातल्या दुसऱ्याला धरून न्यायचे. सरकारचे काम करायचे आणि पगार मात्र गावकऱ्यांकडून मिळण्याची वाट पाहायची, अशी ही चाकरी होती. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने तिला कायदेशीर रूप आले होते.

बाबासाहेबांनी यातील अर्थशास्त्र नेमके पकडले. वतनाचा तुकडा सुटू नये म्हणून माणूस गाव सोडत नाही. गाव सोडत नाही म्हणून दुसरा धंदा शिकत नाही. धंदा नाही म्हणून बलुत्यावर अवलंबून राहतो. आणि बलुते गावाच्या हाती असल्यामुळे मुलाला शाळेत घातले, स्वच्छ कपडे घातले, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की गाव बलुते बंद करून त्याला गुडघ्यावर आणते. थोडीशी जमीन आणि धान्य देणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात माणसाला कायम गरीब व कायम नम्र ठेवणारी होती. त्याहून कठीण बाब अशी की, वतनदार म्हणवून घेण्यात खुद्द वतनदारांनाच अभिमान वाटत असे. म्हणून बाबासाहेबांना सरकारशी आणि आपल्याच माणसांशी, अशा दोन्ही आघाड्यांवर बोलावे लागले.

मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ज्याला चाकरी नको असेल, त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून ती आपल्या हक्काने ठेवावी व चाकरीतून मोकळे व्हावे. जो चाकरी करील, त्याचा मोबदला ठरलेला व खात्रीचा असावा, अशी त्याची दिशा होती. विरोध मोठा झाला आणि पुढच्या वर्षी विधेयक मागे घ्यावे लागले. पण विषय त्यांनी सोडला नाही. पुढे वतन जमिनींवरील जुडीचा बोजा वाढविण्यात आला, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे, फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नर येथे परिषदा झाल्या.

कसबे तडवळ्याची ती महार-मांग वतनदार परिषद आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील अभिमानाचे पान आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरील या गावी बाबासाहेब आले, राहिले आणि वतनदारांशी बोलले. त्या वेळी गोलमेज परिषद, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष असे मोठे टप्पे त्यांच्या मागे होते आणि महायुद्ध ऐन भरात होते. तरीही एका लहान गावात येऊन जुडी, बलुते आणि इनाम जमिनीचे तुकडे यांवर चर्चा करणे त्यांना कमी महत्त्वाचे वाटले नाही. महार आणि मांग या दोन जातींनी एका मांडवात बसावे, हेही त्या परिषदेच्या नावातच होते. कारण वतनाची व्यवस्था शोषितांनाही हक्काच्या लहानसहान तुकड्यांवरून आपसांत भांडत ठेवीत असे. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे लागली, आणि तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

निजामी राजवट आणि मराठवाडा

वतनाने एक समाज गरीब राहिला. राज्यव्यवस्थेने एक अख्खा प्रदेश मागे राहिला. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९३७ मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून मुखपृष्ठावर छापले. त्याच राज्यात मराठवाड्याचा शेतकरी सावकार, देशमुख, जहागीरदार आणि सरकारी वसूल यांच्या मध्ये पिचत होता. राज्याचा मोठा भाग जहागिरी आणि सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी मुलखात विभागलेला होता. उच्च शिक्षण व सरकारी कारभार उर्दूत असल्यामुळे मराठी मुलाला दोन्ही दारे अरुंद होती. कर देणाऱ्यांना जाब विचारू शकेल असे खरे प्रतिनिधिमंडळ नव्हते. हा कोणा एका धर्माचा दोष नव्हता. लाभ घेणाऱ्यांत सर्व धर्मांचे जमीनदार होते, आणि पिचणाऱ्यांत सर्व धर्मांचे शेतकरी-मजूर.

भाषिक राज्यांविषयी १९५५ मध्ये लिहिताना बाबासाहेबांनी मराठवाड्याचा स्वतंत्र विचार केला. निजामाच्या दीर्घ राजवटीत या भागाकडे अक्षम्य दुर्लक्ष झाले, कालव्याचे पाणी नाही, तालुक्याच्या ठिकाणी माध्यमिक शाळा नाहीत, नोकरीत येथील तरुण नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढारलेल्या भागांबरोबर एकाच राज्यात बांधले, तर मराठवाडा पुन्हा मागे ढकलला जाईल, अशी शंका त्यांना होती. त्यामुळे मराठी भाषकांची एकाऐवजी चार राज्ये असावीत व मराठवाडा त्यांतील एक असावा, असे त्यांनी सुचविले. ती सूचना स्वीकारली गेली नाही. तिच्याशी आज कोणी सहमत असो वा नसो, मागासलेपणावर उपाय शोधताना आधी निर्णय कोण घेणार हे त्यांनी विचारले, एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच जाणिवेतून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय असताना दुसऱ्या महाविद्यालयासाठी मराठवाड्याची निवड होणे, हा दुर्लक्षाला दिलेला प्रत्यक्ष जबाब होता. धाराशिव, लातूर, बीड, नांदेडच्या खेड्यांतून गेलेल्या कित्येक पिढ्यांना शिक्षक, वकील, अधिकारी, लेखक करणारी ती संस्था ठरली.

राज्याच्या पायाशी

ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये बसून दोन्हीकडे वाटा घेणाऱ्या खोताला हटविल्याशिवाय कुळाच्या घरात दाणा टिकणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांनी कामाचे तास, सेवायोजन कार्यालये, दामोदर खोऱ्याची योजना आणि नद्यांच्या पाण्याचे राष्ट्रीय नियोजन हे विषय हाताळले. पाणी हे निसर्गाचे असले, तरी धरण कोठे बांधायचे आणि पाणी कोणाच्या शेतात जायचे हे राज्य ठरवते, हे दुष्काळी भागातील आपल्याला विसरता येणार नाही.

१९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी प्रमुख उद्योग व विमा राज्याकडे असावा, शेतजमीन राज्याच्या मालकीची होऊन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामूहिक कसण्यासाठी द्यावी, असे मांडले. आणि हे सारे संविधानातच लिहावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताला ते मोडता येणार नाही, असा आग्रह धरला. हा आराखडा संविधानात आला नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे संविधान घडविण्यात प्रमुख वाटा उचलला, त्यात अस्पृश्यता नष्ट झाली, वेठबिगारीला बंदी आली, प्रत्येक प्रौढाला मत मिळाले, केंद्र व राज्यांत पैसा कसा वाटावा यासाठी दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची तरतूद झाली आणि सरकारी हिशेब तपासणारा स्वतंत्र महालेखापरीक्षक आला. तरुणपणी प्रांतिक वित्तावर लिहिणाऱ्या संशोधकाने उपस्थित केलेल्या प्रश्नांना स्वतंत्र देशाच्या कायद्यात असे उत्तर मिळाले. मात्र २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी आनंदापेक्षा इशाराच अधिक दिला. राजकारणात प्रत्येकाचे मूल्य समान आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ चालू दिला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. व्यक्तिपूजेने संस्था दुबळ्या होतात, हेही सांगितले. आणि सभेचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतदान या गोष्टी भगवान बुद्धांच्या भिक्खू संघाला ठाऊक होत्या, याची आठवण देऊन लोकशाही या भूमीला परकी नाही हे दाखविले. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्रीला वारसाहक्क नसेल तर अर्धा समाज मालमत्तेबाहेर राहतो, आणि तोही एक नियमच आहे, हे त्यांना मान्य नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज आपल्यापुढे

२०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तीन संशोधकांना मिळाले, त्यांचा विषय राज्यसंस्था आणि राष्ट्रांची समृद्धी यांतील संबंध हा होता. उत्तर आणि दक्षिण कोरियाचे उदाहरण या चर्चेत नेहमी दिले जाते. लोक एक, भाषा एक. दुसऱ्या महायुद्धानंतर राज्यव्यवस्था वेगळ्या झाल्या आणि काही दशकांत एक देश संपन्न तर दुसरा दरिद्री झाला. आमच्या वाचकांना हा विचार नवा वाटू नये. वतन, खोती, कंपनीची तिजोरी आणि निजामी मराठवाडा यांच्या आधारे तो आपल्याच माणसाने, आपल्याच मातीतील उदाहरणांनी आधी मांडला होता.

नियम बदलला की दुष्काळाचाही अर्थ बदलतो, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे भुकेने मोठ्या संख्येने मेली. १९७२ चा दुष्काळही भीषण होता. परंतु सरकारला जाब विचारणारी जनता होती, रस्त्यांची व तलावांची कामे निघाली, आणि पुढे १९७७ मध्ये काम मागण्याचा हक्क देणारा रोजगार हमी कायदा झाला. पाऊस दोन्ही वेळा फिरला होता. राज्याचे उत्तर वेगळे होते.

तरीही २०१८ मध्ये देशातील आकांक्षित म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी झाली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव होतेच. संविधान लागू होऊन अडुसष्ट वर्षे लोटल्यावर असे का, हे आपण विचारले पाहिजे. उत्तराचा एक भाग बाबासाहेबांच्या न स्वीकारलेल्या आर्थिक आराखड्यात आहे. दुसरा भाग आपल्या हाती आहे. महाडच्या तळ्याप्रमाणे अनेक हक्क आजही कागदावर आहेत आणि ते वापरायला कोणी पुढे होत नाही.

ग्रामसभेची नोटीस लागते, पण हजेरी नसते. रोजगार हमीचे काम मागण्याचा अर्ज लिहिला जात नाही. सोसायटीचा ताळेबंद वाचला जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची नावे असतात, पण सभेला पालक नसतात. बाबासाहेबांनी ज्या वेळी कसबे तडवळ्याला येऊन जुडीचा हिशेब मांडला, त्या वेळी त्यांच्यासमोर बसलेल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आज या विद्यालयातून शिकून गेलेले हजारो हात लिहू शकतात, वाचू शकतात, आकडे तपासू शकतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचा वार्षिक जमाखर्च एकदा मागून घ्यावा, पालकांना समजेल अशा भाषेत तो चावडीवर वाचून दाखवावा, आणि जेथे पैसा अडला असेल तेथे कायद्याने जाब विचारावा. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.

महामानवाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.